प्रकल्प नोंदी : अमिगा आणि एसटी, वेग कुठे अडतो आणि अपग्रेड कुठे लागू पडते

३ फेब्रुवारी २०२५

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. १९८५ साली थोड्या अंतराने बाजारात आलेल्या दोन प्रतिस्पर्धी संगणक-घराण्यांची, म्हणजे कमोडोरच्या अमिगाची आणि अटारीच्या एसटीची, कामगिरी एकाच मापाने तपासायची आणि प्रत्येक यंत्रावर कोणते अपग्रेड खरोखर उपयोगी पडते हे ठरवायचे. दोन्ही यंत्रांत मोटोरोलाचा ६८००० हा एकच प्रोसेसर आहे, त्यामुळे फरक दिसला तर तो प्रोसेसरच्या जातीचा नसून त्याच्याभोवतीच्या रचनेचा असणार. तुलनेसाठी यापेक्षा चांगली जोडी मिळणे अवघड आहे. या दोन यंत्रांची नाती आधीपासूनच गुंतलेली होती: अमिगाच्या चिप्समागचे अभियंते जे मायनर (Jay Miner) पूर्वी अटारीत होते, तर एसटीच्या आराखड्याचे प्रमुख शिराज शिवजी कमोडोरमधून आले होते.

पहिल्या फेरीत १९८७ ची अमिगा ५०० आणि अटारी १०४० एसटीएफ घेतली आहे. दोन्ही यंत्रे युरोपीय पद्धतीची, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम दाखवणारी आहेत. दुसऱ्या फेरीत १९९२ ची जोडी, अमिगा १२०० आणि अटारीची फाल्कन ०३०, घेतली जाईल.

नियम असे ठरवले. चाचणीचा मुख्य भाग दोन्हीकडे अक्षरशः तोच मशीन कोड असेल. चाचणी चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम बाजूला ठेवली जाईल, इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद असतील आणि वेळ यंत्रातल्याच टायमरने मोजला जाईल. अमिगात त्यासाठी ८५२० चिपमधला १६ बिटांचा टायमर आहे, तो प्रोसेसरच्या क्लॉकच्या एक-दशांश गतीने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ लाख ९ हजार वेळा, मोजतो. एसटीत ६८९०१ चिपचे टायमर २.४५७६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालतात, पण ते ८ बिटांचे असल्यामुळे मोठ्या कामात ते किती वेळा भरून आले याची वेगळी नोंद ठेवावी लागते. प्रत्येक निकालाआधी तो किती यायला हवा याचे गणित कागदावर मांडायचे, हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. ज्या आकड्यामागचे कारण सांगता येत नाही, तो आकडा तक्त्यात जाणार नाही.

६ फेब्रुवारी

आज फक्त क्लॉकचा, म्हणजे प्रोसेसरला चाल देणाऱ्या ठोक्यांचा, हिशेब केला. एसटीचा प्रोसेसर ८.०२ मेगाहर्ट्झवर चालतो, अमिगाचा ७.०९ वर. एका फ्रेममध्ये एसटीला १,६०,२५६ क्लॉक सायकल मिळतात आणि अमिगाला सुमारे १,४१,८७६. एसटीची आघाडी १३ टक्क्यांची आहे. जुन्या वादात हाच आकडा सर्वाधिक फेकला जातो, आणि तो खोटा मुळीच नाही. मात्र तो पूर्ण आघाडी केव्हा देतो आणि केव्हा देत नाही, हे कुणी सांगत नाही. पुढच्या नोंदी त्यासाठीच आहेत.

११ फेब्रुवारी

सर्वांत साधी चाचणी घेतली: एका जागेवरचा १६ बिटांचा शब्द उचलून दुसऱ्या जागी ठेवायचा आणि हे ठरावीक वेळा करायचे. यात दोनच सूचना आहेत. पहिली मूव्ह, तिला १२ सायकल लागतात. दुसरी डीबीआरए, म्हणजे मोजणी एकाने कमी करून पुन्हा वर जाणारी उडी, तिला १० लागतात. मोटोरोलाच्या पुस्तकाप्रमाणे एका फेरीला २२ सायकल झाल्या.

एसटीवर त्या २४ होतात. कारण असे की एसटीत प्रोसेसर आणि पडद्याचे चित्र वाचणारी व्यवस्था एकच मेमरी पाळीपाळीने वापरतात, आणि प्रोसेसरची पाळी दर चार सायकलींनी येते. ज्या सूचनेचा वेळ चाराच्या पाढ्यात बसत नाही, तिच्या पुढच्या वाचनाला पुढच्या पाळीपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे १० च्या जागी व्यवहारात १२ सायकल खर्ची पडतात. वेळात मांडले तर एसटीची एक फेरी २.९९ मायक्रोसेकंदांची होते. अमिगात हाच कोड तिच्या वेगळ्या, कुणाशीही वाटून न घेतलेल्या मेमरीतून चालवला तर २२ सायकलींना ३.१० मायक्रोसेकंद लागतात. १३ टक्क्यांची आघाडी येथे चार टक्क्यांच्याही आत आली.

दोन्ही यंत्रांवर मोजणी केली तेव्हा आकडे कागदावरच्या गणिताशी जुळले. निकालापेक्षा मला या जुळण्याचे महत्त्व अधिक वाटते, कारण यापुढे दिसणाऱ्या प्रत्येक फरकाचे मूळ शोधायला हातात एक पक्के साधन आले आहे.

अमिगाच्या बाबतीत वर घातलेली अट मात्र नीट समजून घ्यायला हवी. अमिगाची मूळ ५१२ किलोबाइट मेमरी, जिला चिप रॅम म्हणतात, ती प्रोसेसर, चित्र, आवाज, डिस्क आणि ब्लिटर (चित्राचे तुकडे मेमरीत हलवणारी व्यवस्था) हे सगळे मिळून वापरतात. ३२० रुंदीचे, १६ रंगांपर्यंतचे चित्र दाखवले जात असेल तर चित्राच्या पाळ्या आणि प्रोसेसरच्या पाळ्या एकमेकींच्या आड येत नाहीत आणि अवस्था साधारण एसटीसारखी राहते. ३२ रंग मागितले की प्रोसेसरच्या काही पाळ्या जातात. सहा बिटप्लेनच्या, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला सहा बिट असलेल्या, चित्रात, जोवर ओळीचा दृश्य भाग रेखाटला जात असतो तोवर, निम्म्या जातात. ६४० रुंदीचे १६ रंगी चित्र लावले, तर दृश्य भागात प्रोसेसरला एकही पाळी मिळत नाही. २०० ओळींच्या चित्रासाठी हिशेब केला: ओळीमागे १६० पाळ्या, एकूण ३२,०००, आणि फ्रेममध्ये पाळ्या आहेत सुमारे ७०,९००. म्हणजे ४५ टक्के वेळ प्रोसेसर चिप रॅमच्या दाराशी उभा.

एसटीत असे कधीच होत नाही. तिच्या तिन्ही चित्रपद्धतींना सारखेच ३२,००० बाइट लागतात, म्हणून पडद्यावर काहीही असो, प्रोसेसरचा वेग तोच राहतो. एसटीची ही स्थिरता कौतुकास्पद आहे आणि तुलनेच्या तक्त्यांत तिला कधी रकाना मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

१४ फेब्रुवारी

आज खऱ्या कामाच्या जवळ जाणारी चाचणी घेतली: ३२,००० बाइटांचा पूर्ण पडदा एका जागेवरून दुसरीकडे हलवणे. ६८००० वर याचा वेगवान मार्ग म्हणजे मूव्हएम ही सूचना, जी एका दमात अनेक रजिस्टर (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागा) भरते किंवा रिकामी करते. बारा रजिस्टर वापरली तर ४८ बाइट आणायला १०८ आणि ठेवायला १०८ सायकल लागतात. पूर्ण पडद्याला बरोबर १,४४,००० सायकल झाल्या.

हे आकडे चाराच्या पाढ्यातले असल्यामुळे एसटीला येथे कोणताही दंड नाही आणि तिची १३ टक्क्यांची आघाडी शंभर टक्के वसूल होते. एसटी हे काम १८ मिलिसेकंदांच्या किंचित आत संपवते, अमिगाचा प्रोसेसर २०.३ घेतो. आता फ्रेमचा काळ २० मिलिसेकंद आहे हे लक्षात घेतले तर या सुमारे २.३५ मिलिसेकंदांचे मोल कळते: एसटीवर पडदा एका फ्रेममध्ये हलतो आणि थोडा वेळ उरतो, अमिगाच्या प्रोसेसरला मात्र थोडक्यासाठी दुसऱ्या फ्रेममध्ये जावे लागते. जुन्या काळी एसटीवरून जसेच्या तसे उचललेले खेळ अमिगावर जड वाटत, त्यामागे हे गणित होते.

अमिगावर हे काम प्रोसेसरकडे देण्याची गरजच नाही. तिचा ब्लिटर साध्या नकलेला शब्दामागे चार सायकल घेतो, म्हणजे १६,००० शब्दांना ६४,००० सायकल, मेमरीकडे जाणारी वाट, म्हणजे बस, मोकळी असेल तर नऊ मिलिसेकंद. चित्र दाखवणे चालू असताना हा वेळ वाढतो, तरीही मूव्हएमच्या जवळपास तो येत नाही. १९८७ च्या मेगा एसटीपासून अटारीनेही ब्लिटर दिला, पण त्याला शब्दामागे आठ सायकल लागतात आणि पूर्ण पडद्याला सुमारे १६ मिलिसेकंद. मूव्हएमच्या १८ शी तुलना केल्यास फायदा थोडाच आहे. बिट सरकवून किंवा दोन चित्रे एकत्र करून ठेवायची असतील तेव्हा त्याची खरी मदत होते. म्हणून एसटीच्या अपग्रेडच्या यादीत ब्लिटर मी खाली ठेवला आहे.

१७ फेब्रुवारी

ड्राइस्टोन तक्त्यातून वगळले. १९८४ ची ही चाचणी सर्वत्र वापरली गेली आणि व्हॅक्स ११/७८० या संगणकाचे सेकंदाला १७५७ फेरे म्हणजे एक मिप्स (सेकंदाला दहा लाख सूचना) असे मापही तिच्यावरून रूढ झाले. पण तिचा निकाल कंपायलर (प्रोग्रामचा मशीन कोड बनवणारे साधन) बदलला की बदलतो, आणि येथे दोन यंत्रांना सारखा कंपायलर मिळत नाही.

२० फेब्रुवारी

अपग्रेडची सुरुवात अमिगा ५०० च्या मेमरीपासून केली. यंत्र उलटे केले की पोटाशी एक प्लॅस्टिकचे झाकण आहे. ते उचलले की आत ५१२ किलोबाइटचे ए५०१ कार्ड बसते. कार्डावर पत्र्याचे आवरण असते आणि त्याच्या आत, घड्याळासाठी, एक छोटी भारित होणारी बॅटरी. या कार्डाचे आवरण उघडले तेव्हा बॅटरीच्या पायाशी हिरवट पापुद्रा दिसला, आणि तिथून निघालेल्या दोन वाटांवरचे तांबे काळे पडले होते. बॅटरी कापून काढली, गळलेला अल्क मारण्यासाठी पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवला, मग शुद्ध अल्कोहोलने पुसले. पस्तीस वर्षांच्या कोणत्याही अशा कार्डावर हे काम वेगमापनाच्या आधी करायला हवे, कारण ती गळती कार्डापुरती थांबत नाही.

वेगाचा निकाल अपेक्षेप्रमाणे आला, म्हणजे फायदा शून्य. प्रोसेसर या मेमरीपर्यंत चिप रॅमच्याच बसवरून जातो, त्यामुळे ६४० रुंदीच्या १६ रंगी चित्रात तो येथेही तसाच अडतो. उलट चिप रॅम सांभाळणाऱ्या मूळच्या ॲग्नस चिपला ही मेमरी दिसत नाही, म्हणून चित्र आणि आवाज तिच्यात ठेवता येत नाहीत. अमिगाच्या जगात तिला स्लो रॅम म्हणतात ते उगाच नाही. ८३७२ए ही नंतरची ॲग्नस असेल आणि मदरबोर्डही नंतरचा असेल, तर जोडणी बदलून हीच मेमरी चिप रॅममध्ये सामील करता येते आणि एकूण एक मेगाबाइट चिप रॅम होते. वेग वाढत नाही, जागा उपयोगी होते.

खरा फरक डाव्या बाजूच्या विस्तार-खाचेत मेमरी लावल्यावर पडतो. तिथे आठ मेगाबाइटपर्यंत फास्ट रॅम बसते, आणि ती प्रोसेसरची एकट्याची असते. चिप रॅममध्ये ४५ टक्के वेळ थांबणारा तोच कोड येथे पडद्याकडे न पाहता पूर्ण गतीने चालतो. प्रोसेसर तोच, क्लॉक तेच, फक्त मेमरीची वाट बदलली.

२१ फेब्रुवारी

एसटीची मेमरी. ती सांभाळणाऱ्या चिपची रचना चार मेगाबाइटपर्यंतच पोचू देते. १९८९ च्या एसटीईत ही मेमरी साध्या मोड्यूलच्या जोड्या बदलून वाढते, १०४० एसटीएफवर मात्र झाळकाम आहे. सगळी मेमरी एकाच बसवर असल्यामुळे गतीत काडीचा फरक नाही. मोठा रॅमडिस्क (डिस्कसारखा वापरलेला मेमरीचा भाग) ठेवता येतो हा फायदा आहे, आणि फ्लॉपीवर काम करणाऱ्याला तो पुरेसा आहे.

२६ फेब्रुवारी

आज प्रोसेसर. अमिगा ५०० मध्ये ६८००० सॉकेटमध्ये असतो, हलक्या हाताने दोन्ही टोकांनी उचलला की निघतो. १०४० एसटीएफमध्ये तो सहसा बोर्डावर थेट झाळलेला असतो. चौसष्ट पाय सोडवून सॉकेट बसवावे लागते आणि या कामात बोर्डाची वाट उखडण्याचा धोका खरा आहे. अपग्रेडची तुलना करताना किमतीइतकाच हा फरक धरला पाहिजे.

पहिला पर्याय ६८०१०. तोच आकार, तेच पाय, तेच क्लॉक. त्याची खुबी अशी की एका शब्दाची सूचना आणि तिच्यामागे डीबीआरए असे छोटे आवर्तन आले, तर तो त्या सूचना पुन्हा मेमरीतून आणत नाही, फक्त माहिती वाचतो आणि लिहितो. ११ तारखेची माझी चाचणी नेमकी याच आकाराची असल्यामुळे तिच्यावर तो उठून दिसला. मूव्हएमच्या चाचणीत फरक जाणवण्याजोगा नव्हता. शिवाय स्टेटस रजिस्टर वाचण्याची एक सूचना ६८०१० वर सामान्य प्रोग्रामला वर्ज्य आहे, म्हणून काही जुने प्रोग्राम थांबतात. एका सोयीस्कर चाचणीवरून हा प्रोसेसर सुचवणे वाचकावर अन्याय ठरेल.

दुसरा पर्याय क्लॉक दुप्पट करणे. येथे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. १६ मेगाहर्ट्झचा ६८००० नुसताच लावला, तर मेमरी आपल्या जुन्याच चालीने उत्तर देते आणि प्रोसेसर दुप्पट घाईने थांबतो. मूव्हएमची चाचणी जवळजवळ तिथेच राहिली. गुणाकार मात्र सुधारतो, कारण ७० सायकलींपर्यंत जाणारा तो पूर्ण वेळ प्रोसेसरच्या आतच घालवतो. अटारीला हे नीट कळले होते: १९९१ च्या मेगा एसटीईत १६ मेगाहर्ट्झसोबत १६ किलोबाइट कॅश (प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) दिली आहे. वारंवार लागणाऱ्या सूचना कॅशमधून मिळतात आणि बस फक्त उरलेल्या कामासाठी लागते. कॅश बंद करून आणि चालू करून मोजले की दोन यंत्रे मोजल्यासारखे वाटते. कॅश नसलेले वेगवर्धक कार्ड मी यादीतून काढले.

४ मार्च

दुसरी फेरी. अमिगा १२०० मध्ये १४.१८ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२०, ३२ बिटांची बस आणि दोन मेगाबाइट चिप रॅम. फाल्कनमध्ये १६ मेगाहर्ट्झचा ६८०३० आणि त्याच्या शेजारी ३२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ५६००१ हा सिग्नल प्रोसेसर. जाहिरातीच्या कागदावर फाल्कन सरळ पुढे आहे.

फाल्कनचा ३२ बिटांचा प्रोसेसर मेमरीशी १६ बिटांच्या बसवरून बोलतो, आणि ती मेमरी चित्राबरोबर वाटून घेतो. सूचना आणि माहिती यांसाठी २५६-२५६ बाइटांची कॅश आहे तेवढाच आधार. १९९० च्या टीटी ०३० मध्ये अटारीने ३२ बिटांची वेगळी मेमरी दिली होती, त्यामुळे दोन वर्षांनंतरच्या यंत्रात ही काटकसर मला फार खटकते.

गुणाकाराच्या कामात मात्र फाल्कनची बरोबरी नाही. अवकाशातला एक बिंदू फिरवायला नऊ गुणाकार लागतात. ६८००० वर जास्तीत जास्त ६३० सायकल, म्हणजे अमिगा ५०० वर सुमारे ८९ मायक्रोसेकंद आणि एसटीवर ७९. अमिगा १२०० वर गुणाकारामागे २७ सायकल धरल्या तर १७. फाल्कनचा ५६००१ दर दोन क्लॉकना एक गुणाकार-बेरीज पूर्ण करतो. नऊ गुणाकारांना एका मायक्रोसेकंदाहून कमी. त्याची ३२ हजार शब्दांची, प्रत्येकी २४ बिटांची, स्वतःची वेगवान मेमरी आहे आणि तिच्यात इतर कुणी येत नाही. अडचण माहिती आत-बाहेर नेण्याची आहे, कारण मुख्य प्रोसेसरकडून येणारा दरवाजा ८ बिटांचा आहे. एकेक बिंदू पाठवला तर फायदा वाटेतच खर्च होतो. पूर्ण वस्तू एकदा आत ठेवून फक्त कोन पाठवले तर हे यंत्र आपल्या काळाच्या पुष्कळ पुढचे ठरते.

७ मार्च

अमिगा १२०० चे मूळ दुखणे चिप रॅम. ६८ईसी०२० ला एका वाचनाला किमान तीन सायकल पुरतात, चिप रॅम त्याला उत्तम परिस्थितीतही आठ घ्यायला लावते. म्हणजे सेकंदाला सात मेगाबाइटांच्या आसपास, तर मोकळ्या ३२ बिटांच्या फास्ट रॅमची कागदी मर्यादा जवळजवळ १९. खालच्या खाचेत फक्त मेमरीचे कार्ड लावले, प्रोसेसरला हातही लावला नाही, आणि मिश्र कामाचा वेग साधारण दुपटीवर गेला. आजवर मोजलेल्या सर्व अपग्रेडमध्ये इतक्या कमी खटपटीत इतके देणारे दुसरे नाही. ५० मेगाहर्ट्झच्या ६८०३० चे कार्ड याहून पुष्कळ पुढे जाते हे खरे, पण त्या कार्डावर स्वतःची मेमरी बसवलेली नसेल तर तो प्रोसेसरही त्याच चिप रॅमच्या रांगेत उभा राहतो. असे रिकामे कार्ड विकत घेण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

१० मार्च

पुढच्या फेरीसाठी अमिगा १२०० चे कार्ड आठऐवजी चार मेगाबाइटवर ठेवले. २४ बिटांच्या पत्त्यांत आठ मेगाबाइटची जागा आणि डावीकडच्या पीसीएमसीआयए खाचेची जागा एकमेकींवर येतात, आणि मोजणीच्या फाइली मी त्याच खाचेतल्या कार्डावरून नेतो-आणतो. उरलेले चार मेगाबाइट या चाचण्यांना लागत नाहीत, खाच लागते. उद्यापासून दोन्ही यंत्रांवर बिंदू फिरवण्याची चाचणी पूर्ण वस्तूसह, फाल्कनवर कोन पाठवण्याच्या पद्धतीने, लावायची आहे.